कोरे बूट

डोंगराला आग लागली की आधी गाईंना कळतं, मग बायांना, आणि सगळ्यात शेवटी पुरुषांना, असं किल्लीवाली म्हणायची. यात थोडं तथ्य होतं आणि बरीचशी खुन्नस होती. उन्हाळा तोंडावर आला की वस्तीतले धडधाकट पुरुष खाली दगडखाणीवर जायचे आणि आठवड्यातून एकदा घराचं तोंड बघायचे. मागे उरायच्या बाया, म्हातारी माणसं आणि गोठे. वर्षाचं गवत कापून डोंगराच्या पोटाशी गंजी लावून ठेवलेलं असे. आग तिथवर उतरली तर पावसापर्यंत जनावरांपुढे टाकायला काडी उरणार नाही, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता.

किल्लीवाली हे नाव तिला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधी ती कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको, मग कुणाची तरी आई एवढीच होती. हे नाव तिचं स्वतःचं होतं आणि ते संस्थेमुळे मिळालं होतं.

संस्था म्हणजे बाजारगावात धान्याच्या गोदामावरच्या दोन खोल्या. ही माणसं स्वतः कुठे आग विझवायला जात नसत की रस्ता झाडायला जात नसत. आजूबाजूच्या गावांत जे चारचौघं मिळून काहीतरी करत असतील त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, हे त्यांचं काम. आंधळ्यांना वाचून दाखवणारे होते, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसणारे होते, दरड कोसळली की पायवाट मोकळी करणारे होते. संस्थेच्या मांडण्यांवर खुर्च्या, ताडपत्र्या, कर्णा, आजाऱ्याला न्यायची उचलखाट असं सगळं रचलेलं असे आणि प्रत्येक वस्तूला ती कुणाकडे जाऊन आली याची चिठ्ठी बांधलेली. बैठक कशी घ्यायची, ठरलेलं कसं लिहायचं, आपसांत भांडण झालं तर काय करायचं, हेही तिथे शिकवत. भांडणाचं ऐकून किल्लीवालीला बरं वाटलं. म्हणजे शिकलेली माणसंसुद्धा भांडतात तर, असं ती येताना गाडीत म्हणाली.

वस्तीतल्या आठ बाया वर्षानुवर्षं हिरव्या फांद्यांनी आग झोडपत आल्या होत्या. हिवाळा सरला की डोंगराच्या कमरेला दहा हात रुंद पट्टा खरवडून गवतमुक्त करायच्या, म्हणजे वरची आग तिथे येऊन अडावी. याला गट म्हणतात हे त्यांना संस्थेच्या बाईंनी सांगितलं. गट झाला म्हणून साहित्य मिळालं. आठ जोड जाड तळव्यांचे बूट, आठ जोड हातमोजे, लांब दांड्याला रबराच्या पट्ट्या लावलेली आठ झोडपणी आणि पाठीवर घ्यायचे दोन पाण्याचे पंप. हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत आणि पेटीशेजारी किल्लीवालीच्या पडवीत आलं. साहित्य नीट सांभाळीन म्हणून तिने कागदावर सही केली. सही करताना बाईंनी दोनदा बजावलं, "जपून वापरा हं."

आता जपणं हा किल्लीवालीचा जन्माचा धर्म. पण त्याच्या मागे एक जुनं दुखणं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी कुणीतरी वस्तीतल्या बायांना विणायचं यंत्र दिलं होतं. महिनाभरात त्याची सुई मोडली आणि मग एकेक करून सगळंच मोडलं. ते परत न्यायला आलेला माणूस यंत्र उचलताना सहज बोलून गेला की यांच्या हातात काही देण्यात अर्थ नाही. तेव्हा किल्लीवाली त्याच्यासाठी चहा घेऊन दारात उभी होती. चहा त्याने घेतला नाही. तो कप धरून पुढे केलेला आपला हात तिला अजून आठवायचा.

म्हणून पेटीला तिने स्वतःच्या घरातलं मोठं कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. पहिली पाहणी होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, असं तिने गटाला सांगून टाकलं. बाई बघून जाऊ देत, शाबासकी देऊ देत, मग काय ते वापरा. झाकली मूठ सव्वा लाखाची. गटातल्या बायांनाही ते पटलं. सणासुदीचे कपडे पेटीच्या तळाशी ठेवून फाटक्यात वावरणाऱ्या बाया त्या, न पटायला काय झालं?

एकटी तिची सून काही बोलली नाही. ती गटातली सगळ्यात लहान आणि पायाने सगळ्यात चपळ. बूट आले त्या दिवशी तिने एक जोड हातात घेऊन आत हात घालून बघितला होता, पाव्हणीच्या बाळाला बघावं तसा, आणि पुन्हा खोक्यात ठेवला होता.

आग लागली ती एका दुपारी. गाई दावणीला ओढ घेऊ लागल्या आणि पाठोपाठ शेजारच्या रेडिओने पत्र्याचा डबा बडवायला घेतला. रेडिओ म्हणजे शेजारीण. तिला हे नाव का पडलं ते दोन मिनिटं तिच्यापाशी उभं राहिलं की कळे. धूर डोंगराच्या डाव्या खांद्यावर होता आणि वारा खाली सुटला होता. बाया फांद्या तोडत चढायला लागल्या.

सून गोठ्यातून पळत आली. पायात रबरी सपाता, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. ती पडवीत पेटीपाशी थांबली आणि हात पुढे करून म्हणाली, "आई, किल्ली द्या."

किल्लीवालीचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला. पाहणी आठ दिवसांवर होती. बूट आज राखेत गेले तर बाईंपुढे काय ठेवायचं? अंगणात आणखी दोघी थांबल्या होत्या, आता काय होतं ते बघत. ती म्हणाली, "इतकी वर्षं फांदीनं विझली ना? आज काय बूट घातल्याशिवाय विझत नाही का?"

सुनेने हात मागे घेतला. चार बायांदेखत पुढे केलेला हात रिकामा मागे घ्यायचा म्हणजे काय असतं ते किल्लीवालीला ठाऊक होतं, पण त्या वेळी ते तिच्या डोक्यात आलं नाही. सून फांदी उचलून निघाली.

वर दोन तास झोडपाझोडप चालली. आग पट्ट्यापाशी आली, दोन ठिकाणी तो ओलांडून खाली उतरली, आणि पहिल्या गंजीपासून वीस पावलांवर सुनेने तिला गाठलं. वरून राख दिसत होती, खाली निखारा होता. उजव्या सपातीचा पट्टा तुटला आणि पाय अनवाणी त्यात गेला. ती मागे सरली असती तर गंजी गेली असती. ती सरली नाही. डाव्या सपातीचं रबर वितळून तळव्याला चिकटलं, तेव्हाही तिच्या हातातली फांदी चालूच होती. आग विझल्यावर ती खाली बसली आणि मग उठेना. तिला दोघींनी हाताची बैठक करून खाली आणलं. त्यातली एक किल्लीवाली होती. सुनेचा हात तिच्या मानेभोवती होता आणि दर पावलाला किल्ली दोघींच्या मध्ये टोचत होती.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीतून ती सुनेला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरने चिमट्याने रबराचे तुकडे काढले, तेव्हा सुनेने खाटेची कड धरली आणि छताकडे बघत राहिली. डॉक्टरने विचारलं कशाने भाजलं. किल्लीवालीच्या तोंडून आपसूक निघालं, "चुलीपाशी घसरली." एवढी मोठी संस्था पाठीशी असताना गटातली बाई भाजली, हे दवाखान्यातून बाजारगावात आणि तिथून गोदामावरच्या खोल्यांत जायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टरने दोन्ही तळवे बघितले, दोघींची तोंडं बघितली आणि पंधरा दिवस पाय जमिनीला लावायचा नाही असं सांगितलं. येताना गाडीत सून एवढंच म्हणाली, की चुलीपाशी घसरणाऱ्याचे तळवे भाजत नाहीत.

मग घराचा सगळा गाडा किल्लीवालीच्या अंगावर आला. पहाटे शेण, मग धारा, मग झऱ्यावरून पाण्याच्या खेपा, वरून गवताचे भारे, परत धारा. या कामातलं निम्मं काम इतके दिवस कुणीतरी करत होतं आणि त्याचा आवाज होत नव्हता, हे तिला आता कळलं. म्हातारा, म्हणजे तिचा नवरा, दोन्ही कानांनी ठार बहिरा. तो पडवीत बसून दोर वळायचा आणि विचारलं काही तर भलतंच उत्तर द्यायचा. बोलायचं कुणाशी? सून बोलत नव्हती असं नाही. विचारलं तेवढं सांगायची, पाणी दिलं की प्यायची, पट्टी बदलताना पाय स्थिर ठेवायची. तिने एकदा जरी कडाकडा भांडण काढलं असतं तरी किल्लीवालीला सुटल्यासारखं झालं असतं. भांडायचं कसं ते तर संस्थेतही शिकवलं होतं.

तिचं बूड एका जागी ठरेना. भरलेली घागर पुन्हा भरायला निघायची, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. पेटीवर हात फिरवून कुलूप बघायची आणि चटका बसावा तसा हात काढून घ्यायची.

रविवारी मुलगा खाणीवरून आला. बायकोचे पाय बघून त्याचा चेहरा उतरला. तो दारातच बसला आणि त्याने जे विचारायचं तेच विचारलं. संस्थेने बूट दिले होते ना?

किल्लीवाली चुलीपाशी पाठमोरी होती. तिच्या हातातला पळा थांबला. तिने मनात म्हटलं, आलं आता.

"होते की," सून म्हणाली. "माझ्या मापाचे नव्हते."

मुलगा संस्थेवर करवादला. मापं न घेताच वाटतात, उंटावरून शेळ्या हाकतात, असं काहीबाही बोलला. किल्लीवालीने पळा खाली ठेवला आणि गोठ्यात गेली. गाईच्या पाठीवर डोकं टेकवून ती उभी राहिली. शिव्या खाल्ल्या असत्या तर पचल्या असत्या. हे पचत नव्हतं.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी रेडिओ आली ती धापा टाकतच. खालच्या वाडीतल्या गटाचं साहित्य संस्थेने परत नेलं होतं. मोडलं म्हणून नव्हे. कोरं करकरीत होतं म्हणून. ज्यांना वापरायचंय असे तीन गट वाट बघत बसलेत, मग इथे पेटीत ठेवून काय अंडी उबवायचीत का, असं बाई म्हणाल्या म्हणे. अंडी हा शब्द रेडिओने पदरचा घातला असणार, पण बाकीचं खरं असावं.

विणायचं यंत्र वापरलं म्हणून गेलं. हे न वापरलं म्हणून जाणार. माणसाने जगावं तरी कसं? आणि बूट गेले तर सुनेचे पाय कशापायी भाजले, याला जगात काही उत्तर उरणार नव्हतं. गावात नाव जाईल ते जाईल, पण हे तिला सोसणार नव्हतं.

सकाळी तिने चुलीतली राख घमेल्यात काढली, पेटी उघडली आणि आठ जोड पडवीत ओळीने मांडले. नवीन रबराचा वास घरभर सुटला. ती राख पाण्यात कालवून फडक्याने बुटांना फासू लागली. आधी भीत भीत, मग भराभर. सून आतल्या खाटेवरून बघत होती.

"आधी जपलेत," ती म्हणाली, "आता मळवा."

किल्लीवालीने मान वर केली नाही. बाई येतील तेव्हा तू बाहेर येऊ नकोस, एवढंच तिने सांगितलं. पायांचं बघून त्या घाबरतील, गटच बंद करतील. सून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. म्हाताऱ्याला काय चाललंय ते कळलं नाही, पण बायको घाईत आहे म्हटल्यावर त्याने आपण होऊन घमेलं दुसऱ्यांदा भरून आणून दिलं.

संस्थेच्या बाई दहाच्या सुमाराला आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या. स्कूटरचा एक आरसा गेलेला आणि सीटला चिकटपट्टी लावलेली. चढावर स्कूटर बंद पडली म्हणून शेवटचा तुकडा त्यांनी ती ढकलत आणली होती. त्या पाणी प्यायल्या, गटातल्या बायांची नावानिशी चौकशी केली, वही उघडली. आग कधी लागली, किती जणी गेल्या, किती वेळ लागला, हे विचारून घेतलं. किल्लीवाली सांगत होती आणि सगळं खरं सांगत होती, म्हणून तिचा आवाज हळूहळू सुटला. गंजी वाचली हे सांगताना तर ती चक्क हसली.

बाईंनी पहिला बूट उचलला. राख वाळून पापुद्रे धरले होते, ते त्यांच्या बोटांना लागले. त्यांनी बूट उलटा केला.

तळवा कोरा होता. मधोमध मापाचा पिवळा कागद चिकटलेला, त्याचा कोपराही उचलला नव्हता. बाईंनी दुसरा बूट उलटा केला, मग तिसरा. आठही जोड त्यांनी शांतपणे पालथे घातले. पडवीत आठ दुणे सोळा पिवळे कागद ऊन खात पडले. तेवढ्यात म्हाताऱ्याला वाटलं की काम अडलंय. त्याने बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात विचारलं, "राख कमी पडली का? अजून काढू?"

रेडिओला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात घालवलं. पायाखालची भुई दुभंगत नाही, माणसाला सगळं उभ्यानेच सोसावं लागतं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या नुसत्या दमल्यासारख्या दिसल्या. नखाने त्या एक पिवळा कागद सोलत होत्या. काम झालंय असं तुम्ही सांगता, पण हे बघून मी ते कसं लिहू, असं त्या म्हणाल्या. तीन गट वाट बघतायत. पेटी मला न्यावी लागेल.

आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. सून खाटेवरून उतरली होती. पाय टेकता येत नव्हते म्हणून ती बुडावर बसून, हातांवर जोर देत, फूटफूट सरकत येत होती. उंबऱ्यावर तिने आधी हात टेकले, मग अंग ओढून घेतलं आणि दोन्ही पाय बाहेर उन्हात लांब केले. पट्टी तिने आतच सोडली होती. उजवा तळवा टाचेपासून बोटांपर्यंत सोललेला होता. डाव्याला सपातीच्या नक्षीचा ठसा उमटला होता, ओळी मोजता याव्यात इतका स्पष्ट.

"साहित्य नाही वापरलं बाई," ती म्हणाली. "हे वापरलं. हे लिहा."

बाईंच्या हातातला कागद गळून पडला. त्या खाली उकिडव्या बसल्या, पायाला हात लावायला गेल्या आणि लावला नाही. बूट का घातले नाहीत, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

सुनेने सासूकडे बघितलं नाही. "मापाचे नव्हते," ती म्हणाली. "मीच घातले नाहीत."

दुसऱ्यांदा. एकदा नवऱ्यापुढे आणि आता चारचौघांत. किल्लीवालीने आठ जोडांकडे बघितलं. तिसऱ्या जोडाचं माप सुनेचंच होतं. संस्थेत पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतला होता, आणि आखणाऱ्या याच बाई होत्या. त्यांनाही ते आठवत असणार. तिने गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. दोरा केसांत अडकला तसा तिने तो ओढला.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "तिनं किल्ली मागितली होती. हात पुढं केला होता. मी दिली नाही. बूट खराब होतील म्हणून दिली नाही." आणि मग थांबता येईना म्हणून पुढचंही बोलली. "दवाखान्यात मीच चूल सांगितली. राख मीच फासली. माझ्या पोरीचे पाय गेले असते आणि मी बुटांना जपत बसले."

ती सुनेला पोर म्हणाली हे तिचं तिलाही नंतर कळलं.

बाई पेटीवर बसल्या. त्यांनी सांगितलं, की शिकवायच्या दिवशी बूट कुणाच्याच पायात घालून बघितले नव्हते. आदल्या दिवशी संस्थेच्या खोलीची फरशी धुतली होती. ती खराब होईल म्हणून बूट खोक्यातच ठेवून लांबून दाखवले होते. हे सांगताना त्या किल्लीवालीकडे बघत होत्या, आणि दोघींनाही एकदमच कळलं की आपण एकाच शाळेत शिकलोय.

त्यांनी वहीत जे बघितलं ते लिहिलं. राखसुद्धा लिहिली. साहित्य राहील की जाईल ते संस्थेची बैठक ठरवणार होती, पंधरा दिवसांनी. त्यांच्या एकटीच्या हातात ते नव्हतं आणि त्यांनी खोटा धीर दिला नाही. तोवर पेटी इथेच राहू दे, म्हणाल्या, फक्त कुलूप मी घेऊन जाते. किल्लीवालीने कुलूप आणि किल्ली दोन्ही त्यांच्या पिशवीत टाकलं. जाताना त्यांनी सुनेला परत दवाखान्यात दाखवायचं ठरवलं आणि या वेळी खरं सांगायचं असं दोघींकडून कबूल करून घेतलं. चहा पुढे आला तेव्हा त्यांनी तो उभ्या उभ्या, पण शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

चौथ्या दिवशी दुपारी गाईंनी दावणीला ओढ घेतली.

रेडिओचा डबा वाजायच्या आतच किल्लीवाली पडवीत आली. तिचा हात सवयीने गळ्याशी गेला आणि रिकामा खाली आला. पेटी नुसती ढकलली की उघडत होती. बाया एकेक करून येत होत्या, आपापला जोड उचलत होत्या, राखेचे पापुद्रे झटकत होत्या. तिने आपला जोड घेतला. पण जन्मात कधी नाडीचा बूट पायात घातला नव्हता. नाड्या इकडून ओवल्या की तिकडून सुटत होत्या आणि वर धूर वाढत होता.

"इकडं या," आतून सून म्हणाली.

ती खाटेशी गेली. सून उठून बसली होती. "पाय वर ठेवा."

"कुठं?"

सुनेने मांडीवर हात आपटला. किल्लीवाली तशीच उभी राहिली. सुनेच्या मांडीवर पाय द्यायचा, तोही बुटासकट? सुनेने वाट बघितली नाही. वाकून तिने सासूचा घोटा धरला, ओढून मांडीवर घेतला आणि नाडी आवळायला लागली. भोकाभोकातून ती ओवत होती, ओढत होती, दुहेरी गाठ मारत होती. तिचे स्वतःचे पाय पांढऱ्या पट्ट्यांत पुढे पसरलेले होते. एक झाला, मग दुसरा.

"सैल आहे का?"

"नाही."

"मग जा. आणि राखेत पाय टाकताना बघत बसू नका. आता गरज नाही."

चढताना बूट जड लागत होते. नाकापेक्षा मोती जड, असं ती दोनदा पुटपुटली. वर आग पट्ट्यापाशी अडली होती आणि डाव्या अंगाने वाट शोधत होती. आठाच्या जागी सात जणी होत्या. रबराच्या पट्ट्या धपाधप पडत होत्या, फांदीने उडायचा तसा जाळ इकडेतिकडे उडत नव्हता, आणि रेडिओ पाठीवरचा पंप मारत सगळ्यांना हुकूम सोडत होती. किल्लीवाली खालच्या बाजूने गंजीकडे सरकली.

तिथे जुन्या जाळाची जागा होती. तीच, जिथून त्यांनी सुनेला उचललं होतं. मागच्या वेळी वाचलेल्या गवतातून ताजी आग आता पुन्हा तिथवर येऊन बसली होती. वरून राख दिसत होती. तिने झोडपणं उगारलं आणि पाऊल पुढे टाकलं.

बुटाखाली काहीतरी कुरकुरलं. तिने खाली बघितलं. राख बाजूला झाली होती आणि तिचा उजवा पाय लालभडक निखाऱ्यांच्या मधोमध होता. ती वाट बघत राहिली. आता लागेल, आता लागेल. काहीच लागलं नाही. पाय गार होता. तिथे उभं राहून माणूस घरातल्या कामांचा विचार करू शकला असता.

तेव्हा इतक्या दिवसांचं रडू मोठ्याने बाहेर आलं, आणि आगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिने झोडपणं दोन्ही हातांनी धरलं, दुसरा पायही निखाऱ्यांत ठेवला आणि गंजीकडे पाठ करून झोडपायला सुरुवात केली.